लाईट घालवणारा

आळेफाट्यावर गॅरेजांना तोटा नाही. नाशिककडं तोंड करा की नगरकडं, दर शंभर पावलांवर कुणीतरी गाडीखाली पाय पसरून पडलेलं दिसतं. पण मीटरमधली पिवळी लाईट घालवायची असेल तर गाडीवाले भरतचंच नाव घ्यायचे. मूळचा वारूळवाडीचा, घरची बागायत धाकट्या भावावर सोपवून बावीस वर्षांपूर्वी पाना हातात घेतलेला. त्याच्या हाताला यश होतं, जिभेला धार होती आणि डोक्यात हवा होती. यातलं तिसरं त्याच्या बायकोचं, आरतीचं मत, आणि ते ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

लाईट घालवणं म्हणजे तसं फार काही नव्हतं. स्टेअरिंगखाली स्कॅनरची पिन खोचायची, पडद्यावर बिघाडाचा कोड येतो तो बघायचा आणि पुसून टाकायचा. लाईट विझते, गिऱ्हाईक खूश होतं. कोड कशामुळं आला ते शोधायला मात्र अर्धा दिवस जातो आणि टोमॅटोच्या, कांद्याच्या दिवसांत अर्धा दिवस गाडी उभी करायला कुणी तयार नसतं. भरतही त्यांना आग्रह करत नसे. इतक्या वर्षांत त्याचं काही अडलं नव्हतं, आणि माणसाला खड्ड्यात घालायला एवढं पुरेसं असतं.

सोमाजीची पिकअप त्याच्याकडं चौथ्यांदा आली ती डिसेंबरातल्या एका सकाळी. बारा वर्षांची पांढरी गाडी. मागच्या फळीवरचं देवाचं नाव घासून गेलेलं आणि नुसतं ‘प्रसन्न’ उरलेलं. सोमाजी शिनोलीच्या पुढं, घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या एका वाडीतला. भाताची कापणी उरकली की वाडीतल्या बाया खाली बागायतीत कांदालागणीला यायच्या. वीस-बावीस बायांची ती टोळी सोमाजी रोज सकाळी घाट उतरवून आणायचा, आळेफाट्याजवळच्या मळ्यांत सोडायचा आणि संध्याकाळी परत न्यायचा. टोळीची मुकादम त्याची बायको, चिमाबाई.

“भाऊ, ती परत आली,” सोमाजी म्हणाला.

“कोण, सासू?” भरत गाडीखालूनच म्हणाला.

एरवी सोमाजी हसला असता. आज हसला नाही. “आवं, परवा तुमी पुसली. आज घाटाच्या तोंडालाच लागली. आधी आठ-आठ दिस दम काढायची, आता दोन दिस बी न्हाई. चढाला गाडी वढत न्हाई. आन ब्रेक लई जड लागतो सकाळचा. दगडावर पाय ठिवल्यावानी.”

“थंडी किती पडलीय राव! ब्रेकचं ऑइल घट्ट व्हतं. माझं गुडघं बी सकाळचं जडच लागत्यात, म्हणून मी काय गॅरेज दाखवत फिरतो व्हय?”

भरत बाहेर आला, हात पुसत गाडीत चढला. चावी बंदच होती. गॅरेजातल्या पोरांनी मागून गाडी ढकलली, ती छपराखाली आली आणि त्यानं ब्रेक दाबला. पहिल्याच दाबाला ब्रेक कडक लागला, अगदी दगडासारखा. त्यानं दोन्ही पायांचा जोर लावून गाडी थांबवली. हे त्याच्या पायाला कळलं होतं. पण डोकं स्कॅनरकडं होतं.

स्कॅनरवर ओळखीचा कोड आला. या इंजिनाला धूर परत आत फिरवणारा एक व्हॉल्व्ह असतो, त्याला ईजीआर म्हणतात. काजळीनं तो चोंदला की लाईट लागते. नवा महाग पडतो, म्हणून फाट्यावर सगळेच एक युक्ती करतात. पत्र्याची चकती घालून व्हॉल्व्हची वाट बंद करायची, त्याच्याकडं जाणारी रबरी नळी उपसायची आणि तिच्या उघड्या तोंडात एक बोल्ट ठोकायचा. गाडी पळायला लागते. लाईट तेवढी अधूनमधून लागते, ती पुसायची. दिवाळीच्या आधी भरतनं सोमाजीच्या गाडीला हेच केलं होतं. त्या दिवशी बारीक बोल्ट सापडेना, म्हणून जरा जाड होता तोच त्यानं नळीत ठोकून बसवला होता.

त्या ओळखीच्या कोडखाली आज आणखी एक कोड होता. टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, दाब कमी. भरतनं तो वाचला आणि पहिल्याचीच शेपटी असेल म्हणून सोडून दिला. चढाला ओढत नाही म्हणतोय तर एअर फिल्टर झटकून दिला की झालं, असं त्यानं मनाशी ठरवलं. तीन दुखण्यांची तीन औषधं त्यानं पाच मिनिटांत काढली.

“कायमची घालवता येती का वो?” सोमाजी दबक्या आवाजात म्हणाला. “बाया घाबरत्यात. म्होरं बसणारी एक बघती, मागं सांगती. कालपासनं तिघी येईनाशा झाल्यात. टोळी मोडली तर आमी वर बसून काय करायचं? आन चिमा तर लाईट लागल्यापासनं घाटात गाडी बंद करू देत न्हाई.”

गाडी बंद करणं म्हणजे काय ते भरतला सांगायची गरज नव्हती. उतार लागला की गाडी न्यूट्रल करायची, चावी अर्धी फिरवून इंजिन बंद करायचं आणि वजनावर सोडून द्यायची. खाली डिंभे धरणाच्या अंगाला पोचेपर्यंत थेंबभर डिझेल लागत नाही. त्या रस्त्याच्या सगळ्या पिकअपवाल्यांची ही रीत होती. त्यांचे बाप टेम्पो घेऊन असेच उतरायचे.

चिमाबाई त्याला चांगली आठवत होती. मागं एकदा सोमाजीबरोबर आली होती, हत्यारांच्या पेटीवर बसली होती, आणि सगळं काम होईपर्यंत त्या मीटरकडं बघत होती. निघताना तिनं विचारलं होतं, “भाऊ, ही लाईट काय सांगती म्हनायची?” आणि भरत म्हणाला होता, “काय न्हाई वैनी, धुराची कटकट हाये. तिला किंमत द्यायची न्हाई.” चिमाबाईचं समाधान झालं नव्हतं. तिनं मान हलवली होती, पण ती मोठ्या माणसाचा मान राखायला हलवतात तशी होती.

“घालवतो कायमची,” भरत म्हणाला.

त्यानं मीटर खोलला. काच बाजूला काढली आणि पिवळ्या दिव्याच्या जागी नखाएवढी काळी चिकटपट्टी आतून नीट दाबून बसवली. काच परत लावली. बाहेरून कुणाच्या बापाला कळलं नसतं. सोमाजीनं गाडी चालू केली, मीटरकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

“काय केलं वो?”

“ते तुला काय करायचंय? गेली का न्हाई?”

“गेली राव! चिमाला दाखवतो आता.” आणि त्यानं खरंच भरतच्या पायाला हात लावला. भरतला ते आवडलं. खोटं कशाला बोला, फारच आवडलं.

सोमाजी संध्याकाळी साडेपाचला टोळी घेऊन वर गेला. जाताना फाट्यावर त्यानं हॉर्न वाजवला, मागच्या बायांपैकी कुणीतरी हात केला. भरतनंही हात केला.

सात वाजता गॅरेज बंद करायच्या वेळी त्याच्याच गावच्या भिमाजीची गाडी आत घ्यायची राहिली होती. तीही सोमाजीच्या गाडीसारखीच पिकअप, त्याच सालच्या आसपासची. भिमाजी ती दुपारी सर्व्हिसिंगला लावून गेला होता. बाहेर थोडा उतार होता, म्हणून भरतनं इंजिन चालू न करताच ती सोडली आणि ब्रेकवर पाय ठेवला. पाय मऊ खाली गेला. गाडी थांबली. त्यानं पुन्हा सोडली, पुन्हा दाबला. मऊ. तिसऱ्यांदा जरा जड. चौथ्यांदा दगड.

सकाळी सोमाजीच्या गाडीत हा दगड पहिल्याच दाबाला लागला होता.

इंजिन बंद असलं तरी ब्रेक दोन-तीन वेळा मऊ लागलाच पाहिजे. इंजिनावर एक पंप असतो, तो हवा ओढून घेतो आणि त्या ओढीवर ब्रेक हलका करणारा बूस्टर चालतो. इंजिन बंद झालं तरी बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरती ओढ शिल्लक राहते. सोमाजीच्या गाडीत ती एका दाबापुरतीही उरली नव्हती. गाडी नुकतीच पंचवीस कोस पळून आली होती, आणि तरी नव्हती.

तो खाली उतरला. बॅटरीच्या उजेडात त्यानं भिमाजीच्या गाडीचं बॉनेट उघडलं. बघायची गरज नव्हती, बावीस वर्षं तो हेच बघत होता, पण त्यानं बोटानं नळी धरली आणि पंपापासून निघाला. एक फाटा ब्रेकच्या बूस्टरला. एक टर्बोला. एक ईजीआरला. एकाच पंपाची ओढ तिघांत वाटलेली. जाड बोल्ट ठोकलेलं नळीचं तोंड इंजिनाच्या उष्णतेनं तडकलं असणार, रोज थोडं थोडं. त्या फटीतून ओढ निघून जात होती. म्हणून चढाला ओढत नव्हती, म्हणून दुसरा कोड होता, म्हणून ब्रेक दगड होता. थंडीचा काही संबंध नव्हता. इंजिन चालू असेपर्यंत पंप कसातरी पुरवठा करत होता. बंद झालं की सगळं संपलं.

त्यानं सोमाजीला फोन लावला. वाडीत रेंज नसते हे त्याला माहीत होतं. दहा वेळा लावला. दहा वेळा फोनमधली बाई ‘संपर्काबाहेर’ एवढंच बोलली.

घरी येऊन त्यानं आरतीला सांगितलं. सगळं नाही, निम्मं. ती भाकरी थापता थापता थांबली.

“मग आत्ता जा की.”

“आत्ता कुठं अंधारात? सकाळी साडेसहाला निघत्यात ती. मी पाचला निघतो. त्याच्या दारात जाऊन उभा ऱ्हातो.”

“आन आधीच निघाला तर?”

“चिमाबाई घाटात गाडी बंद करू देत न्हाई,” भरत म्हणाला. “सोमाजीच सांगत व्हता. इंजान चालू असलं की काय व्हत न्हाई.”

हे वाक्य त्याला बरं वाटलं. त्या वाक्यावर डोकं ठेवूनच तो झोपला. बाईनं गाडी बंद करू नको म्हटलं होतं ते कशाला घाबरून, एवढा एक विचार त्यानं पुढं केला असता तर तो त्याच क्षणी उठला असता. पण खरं सांगायचं तर त्याचं डोकं दुसऱ्याच कामात होतं. उद्या सोमाजीला तोंड कसं दाखवायचं? पहाटेपर्यंत त्यानं एक बोलणं बसवलं. कंपनीची नवीन नळी आलीय, जुन्या गाड्यांना बदलून देत्यात, म्हटलं तुझ्याकडं आधी यावं. त्यात बोल्ट नव्हता, चिकटपट्टी नव्हती, आणि भरत फार भला माणूस होता.

पाचला तो मोटरसायकलवर निघाला. खिशात नवी नळी, डोक्याला मफलर. नारायणगाव, मंचर, घोडेगाव. थंडीनं बोटं आखडली होती. शिनोलीत एक टपरी उघडली होती. तिथं तो थांबला. एक चहा प्यायला, मग दुसरा. बोलणं पुन्हा एकदा मनात म्हणून बघितलं. नळी कंपनीनं पाठवली म्हणायचं की पुण्याहून मागवली म्हणायचं, एवढंच ठरत नव्हतं. घड्याळ बघितलं तेव्हा सव्वासहा झाले होते. वाडी अजून अर्ध्या तासावर होती. त्यानं ग्लास अर्धा ठेवला आणि गाडीला किक मारली.

घाटाला लागला तेव्हा उजाडलं होतं. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला खाली धरणाचं पाणी. समोरून गाडी येत असेल तर वळणाआधी इंजिनाचा आवाज येतो, म्हणून तो कान देऊन चढत होता. आवाज नव्हता. अजून निघाले नाहीत, असं त्याला वाटलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. चौथ्या वळणावर त्यानं मोटरसायकल कडेला लावली आणि मफलर सोडून श्वास घेतला.

तेवढ्यात बायांचं हसणं ऐकू आलं.

नुसतं हसणं. इंजिन नाही. टायर रस्त्यावर घासत येत असल्याचा सूं सूं आवाज आणि त्यावर बायांच्या गप्पा. वरच्या वळणावरून पांढरी पिकअप बाहेर आली. कसलाही आवाज न करता, भरलेली, झपाट्यानं. सोमाजीनं त्याला ओळखलं. हसून हात वर केला आणि थांबायला ब्रेक दाबला.

त्याचं हसू गेलेलं भरतला काचेतून दिसलं.

“गिअर!” भरत ओरडला. तो रस्त्याच्या मधोमध गेला होता, दोन्ही हात वर करून. “चावी फिरव! गिअरमधी टाक! डोंगराकडं घाल, डोंगराकडं!”

सोमाजी ब्रेकवर उभाच राहिला होता. गाडी भरतच्या अंगावरून जाणार एवढ्यात तो बाजूला उडी मारून पडला. गिअर करकरला, इंजिन एकदा ओरडलं, गाडीनं आचका दिला, मागच्या बाया एकमेकींवर आदळल्या. मग सोमाजीनं स्टेअरिंग डावीकडं ओढलं. गाडी पाण्याच्या चरात उतरली, डोंगराला अंग घासत पन्नास-साठ पावलं गेली आणि मातीत तोंड घालून थांबली. पुढचं वळण तिथून वीस पावलांवर होतं. त्याच्या पलीकडं काही नव्हतं.

भरत धावला. बाया रडत उतरत होत्या. कुणाचं कपाळ फुटलं होतं, कुणाच्या गुडघ्याला लागलं होतं. पाटीतलं भाकरींचं गाठोडं रस्त्यात पडलं होतं. चिमाबाई नेहमी सगळ्यात मागं, फळी धरून बसायची, म्हणजे बाया मोजता येतात. ती फळीवरून बाहेर फेकली गेली होती. ती रस्त्यावर बसली होती आणि तिचा उजवा हात मनगटापासून भलत्याच बाजूला वळला होता. ज्या हातानं रोप दाबायचं तोच हात. ती रडत नव्हती. डाव्या हाताचं बोट पुढं करून बाया मोजत होती.

“बावीस,” ती म्हणाली. “समद्या हायेत.”

“भाऊ देवावानी आला,” एक म्हातारी भरतच्या समोर हात जोडून म्हणाली. “हाका मारल्या म्हनून वाचलो. न्हाईतर खाली पाण्यातच गेलो असतो.” दुसऱ्या बायाही हात जोडू लागल्या. भरतनं मान खाली घातली. खिशातली नळी मांडीला टोचत होती.

सोमाजी गाडीतून उतरून चिमाबाईपाशी बसला. तो रडायलाच लागला. “मी ब्रेक दाबला गं. लागलाच न्हाई. लागलाच न्हाई.”

“तुमी कशापायी रडता?” चिमाबाई म्हणाली. वेदनेनं तिचे ओठ पांढरे पडले होते. “चूक माजी हाये. म्हयनाभर घाटात गाडी बंद करू दिली न्हाई मी. लाईट लागलीय, ती काय तरी सांगती, चालू ऱ्हाऊ द्या म्हनत व्हते. काल रातीला तुमी दावलं, लाईट गेली. सकाळी दोनदा बघितली. खरंच न्हवती. म्हनून त्या तिघी बी आल्या. मग म्याच म्हनलं, सोडा आता बंद करून. म्याच म्हनलं.”

ती बायांकडं वळली. “माज्यामुळं लागलं गं तुमाला.”

भरतला वाटलं कुणीतरी कानशिलात मारावी. कुणी मारली असती तर बरं झालं असतं. पण सगळ्या त्याच्याकडं अजून देवाकडं बघावं तशा बघत होत्या, आणि नवी नळी कंपनीनं पाठवली असं सांगायची वेळ आत्ताच होती. आत्ता सांगितलं असतं तर सगळ्यांनी मानलं असतं. चिमाबाईनं तर आधीच सगळं आपल्या अंगावर घेतलं होतं.

तो गाडीकडं गेला. दार वाकलं होतं, ते ओढून उघडलं. खिशातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मीटर खोलला. एक स्क्रू निसटून खाली चरात पडला. काच काढली. आतली काळी पट्टी नखानं उचकटली. चावी फिरवली. सगळ्या लाईटी लागल्या. मग इंजिन चालू झालं आणि बाकीच्या एकेक करून विझल्या.

एक राहिली. पिवळी.

बाया दाराशी जमल्या होत्या. सोमाजी चिमाबाईला आधार देऊन घेऊन आला होता. भरतनं बोटाला चिकटलेली पट्टी तिच्यासमोर धरली.

“तुमचं काय चुकलं न्हाई, वैनी,” तो म्हणाला. “लाईट गेली न्हवती. मी झाकली व्हती.”

चिमाबाईनं मोडका हात छातीशी धरला होता. तिनं पट्टीकडं बघितलं, मग मीटरकडं.

“म्हंजी ही सांगतच व्हती,” ती म्हणाली.

“व्हय.”

“आन तुमाला ऐकू येत व्हतं.”

चिमाबाईनं उत्तराची वाट बघितली नाही. ती वळली आणि बायांना म्हणाली, “चला. खाली चालत जाऊ.” हात जोडलेली म्हातारी आता भरतकडं बघत नव्हती. एकीनं रस्त्यातलं भाकरींचं गाठोडं उचललं, दुसरीनं चिमाबाईला पदरानं हात बांधून दिला, आणि बावीस जणी घाटाच्या कडेनं एकीमागं एक उतरू लागल्या. सोमाजीनं गाडीत हात घालून चावी काढून घेतली आणि तोही त्यांच्या मागं गेला.